हरळी, सावली आणि आपले मैदान

बेळगावातल्या अनेकांना गोल्फ मैदानाची खरी ओळख ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. जाधवनगर भागात बिबट्या दिसला, पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत असल्याचे कळले आणि शहराची झोप उडाली. आसपासच्या वीसहून अधिक शाळांना सुट्टी द्यावी लागली. वन खात्याने पिंजरे लावले, कॅमेरे बसवले, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले. त्या दिवसांत घराघरांत एक प्रश्न विचारला जात होता. गोल्फचे मैदान म्हणजे गुळगुळीत गवत, मग तिथे बिबट्या लपेल एवढे रान आले कुठून?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले, तर आपल्या मंडळासमोरचा एक प्रश्न सोडवायलाही मदत होईल. मंडळाच्या आवाराबद्दल सभासदांच्या दोन सूचना वारंवार येतात. काहींना तिथे हिरवेगार लॉन हवे आहे आणि त्यासाठी कडेची जुनी झाडे विरळ करावीत असे वाटते. काहींना तिथे आणखी झाडे लावायची आहेत. दोन्ही बाजू आपुलकीने बोलतात. येत्या पावसाळ्याआधी याचा निर्णय व्हायचा आहे. म्हणून गवत आणि झाड यांचे एकमेकांशी कसे जमते, कुठे बिघडते, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. गवत आणि झाडे शेजारी शेजारी सांभाळण्याचा सर्वांत मोठा अनुभव गोल्फ मैदानांकडे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गोल्फ मैदान म्हणजे सगळे लॉन नव्हे

गोल्फच्या मैदानात गवताचे निरनिराळे भाग असतात. चेंडू जिथून पहिल्यांदा मारतात ती जागा म्हणजे टी. तिथून पुढे गेलेला लांब हिरवा पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही कडांना वाढू दिलेले गवत, झुडपे आणि झाडे म्हणजे रफ. आणि शेवटी जिथे भोक व झेंडा असतो ती गालिच्यासारखी जागा म्हणजे ग्रीन.

ग्रीनवरचे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, म्हणजे दोन-तीन रुपयांची नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी उंची होईल तेवढे. फेअरवेचे गवत साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर असते. रफमध्ये मात्र गवताला मोकळीक असते. मैदानाच्या एकूण जागेत ग्रीनचा वाटा अगदी थोडा असतो. बराच भाग रफ आणि झाडी यांचाच. बिबट्याला आसरा मिळाला तो याच भागात.

सगळा खर्च, पाणी, खत आणि माळ्याची मेहनत त्या थोड्या जागेवर एकवटलेली असते. बाकीची जमीन बरीचशी आपल्या मर्जीने वाढते. इतकेच कशाला, पूर्वी आपल्या देशातल्या लहान लष्करी ठाण्यांवर ग्रीनसुद्धा नसे. वाळूत तेल मिसळून, ती दाबून केलेली सपाट जागा असे आणि तिला ब्राऊन म्हणत. पाणी नाही तिथे गवताचा हट्ट नाही, हा साधा विचार त्यामागे होता.

थंड हवेचे गवत आणि आपली थंड हवा

गोल्फ आपल्या देशात जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. खेळ मात्र स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा. तिथली जमीन वाळूची, वारा बोचरा, झाडे जवळजवळ नाहीत आणि गवत मेंढ्यांनी चरून आखूड केलेले. त्या हवेत वाढणारी बेंट आणि फेस्क्यू ही बारीक पानांची गवते पुढे थंड प्रदेशांतल्या गोल्फ मैदानांची ओळख बनली. आपल्याकडे अशी खरी थंड हवा हिमालयात सापडते. गुलमर्गचे मैदान हिवाळाभर बर्फाखाली असते, तर सिमल्याजवळचे नालदेहरा देवदारांच्या मधोमध आहे.

बेळगावला आपण कौतुकाने गरिबांचे महाबळेश्वर म्हणतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंची, पश्चिमेकडून येणारा वारा, जुलैची संततधार, धनुर्मासातले धुके, हे सगळे खरे. पण गवताच्या दृष्टीने ही हवा थंड ठरत नाही. थंड हवेच्या गवताला १६ ते २४ अंश सेल्सियस तापमान मानवते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा पस्तिशीपर्यंत जातो. तेवढ्या उष्णतेत बेंट गवत मुळापासून थकते आणि मग बुरशीला बळी पडते.

शेतकरी कुटुंबांना हे एका वाक्यात कळेल. बेंट गवताची चाल गव्हासारखी आहे आणि आपल्या हरळीची चाल उसासारखी. गहू आपण रब्बीत पेरतो, वैशाखात पेरत नाही. ऊस, ज्वारी, मका आणि हरळी ही मंडळी कडक उन्हात आणि तुलनेने कमी पाण्यात अन्न तयार करण्यात तरबेज असतात. त्यांना २७ ते ३५ अंशांची हवा आवडते. थंडीत त्यांची वाढ मंदावते, रंग थोडा उतरतो, पण ती मरत नाहीत. परदेशी पाकिटावरचे हिरवेगार चित्र पाहून बी मागवण्याआधी हा फरक ध्यानात ठेवावा.

शेतात नकोशी, मैदानात हवीशी

हरळीला कन्नडमध्ये गरिके म्हणतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. भाद्रपदात एकवीस दूर्वांची जुडी बांधणाऱ्या घरातच, शेतात हरळी दिसली की कपाळाला आठ्या पडतात. निपाणी भागातल्या काळ्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा यांनी शेतकऱ्यांच्या पिढ्यांना दमवले आहे. (हा कुंदा वेगळा. बेळगावच्या कुंद्याला कोणी नावे ठेवणार नाही!) उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळे तापू द्यायची, काशा वेचून बांधावर टाकायच्या आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवे कोंब पाहायचे, हा अनुभव अनेक सभासदांच्या घरात असेल.

तंबाखूच्या किंवा उसाच्या रानात ज्या गुणांनी हरळी छळते, त्याच गुणांनी ती मैदानाला उपयोगी पडते. ती जमिनीवर धावते, जमिनीखाली काशा पसरते, तुडवली तरी उभी राहते, कापली की अधिक दाट होते. एखादा भाग उखडला तरी कडेची हरळी सरकत येऊन तो भरून काढते. उन्हाळ्यात ती पिवळी पडून झोपी जाते आणि वळवाचा एक चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत जागी होते.

जगभरच्या उष्ण प्रदेशांतली गोल्फ मैदाने हरळीच्याच घराण्यावर उभी आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या हरळीशी संकर केला. त्यातून टिफग्रीन हा वाण १९५६ मध्ये आणि टिफड्वार्फ १९६५ मध्ये आला. या वाणांना बी धरत नाही, त्यांची लागण तुकड्यांनीच करावी लागते, जशी आपण उसाची करतो. आज आपल्या देशातल्या गोल्फ मैदानांवरही हे वाण दिसतात. मंडळाच्या आवारासारख्या जागेला मात्र एवढ्या बारीक गवताची गरज नाही. तिथे मुले खेळणार, हळदीकुंकवाला सतरंज्या पडणार, गणेशोत्सवात मांडव उभा राहणार. त्या जागेला गावची हरळीच पुरेशी आहे.

झाडाखाली हरळी का टिकत नाही

हरळीला दिवसातून सहा ते आठ तास सरळ ऊन लागते. झाडाखाली तेवढे ऊन पोहोचत नाही. मग ती उन्हाच्या शोधात उंच आणि विरळ वाढते, पाने लांबट होतात, मुळे उथळ राहतात आणि पायदळी आली की तुटते. शेवटी तिथे उघडी माती किंवा शेवाळ उरते. सावली ही यातली एक अडचण. दुसरी जमिनीखाली असते. झाडाची पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि घेराच्या बाहेरही दूरवर गेलेली असतात. त्याच थरातून हरळीलाही पाणी हवे असते. एवढ्या जुन्या झाडापुढे तिचा निभाव लागत नाही.

थंड प्रदेशात हाच झगडा वेगळ्या रूपात दिसतो. तिथे सकाळचे ऊन फार मोलाचे असते, कारण रात्रभर साचलेले दव किंवा हिमकण त्याने वाळतात. ग्रीनच्या पूर्वेला दाट झाडी असेल, तर गवत दुपारपर्यंत ओले राहते आणि बुरशी धरते. म्हणून तिथले माळी पूर्वेच्या झाडांकडे आधी बघतात.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट या मैदानाचे. हेन्री फाउन्स यांनी १९०३ मध्ये ते मोकळ्या शेतजमिनीवर उभारले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शोभेसाठी हजारो झाडे लावली गेली. झाडे वाढली तशी सावली वाढली, गवत बिघडू लागले. मग १९९० च्या दशकात झाडे काढायला सुरुवात झाली, तीही सभासद यायच्या आधी, पहाटेच्या अंधारात! गोष्ट उघड झाल्यावर सभासदांत मोठा वाद झाला. तरी काम चालू राहिले आणि २००७ च्या यूएस ओपन स्पर्धेपर्यंत मैदान पुन्हा जवळजवळ मोकळे झाले होते.

हे उदाहरण आपल्याकडे कोणी दिले, तर दोन गोष्टी विसरू नयेत. ओकमाँटची जमीन मुळात मोकळी होती आणि झाडे नंतर लावलेली होती. शिवाय तिथे गवत हाच खेळाचा आधार आहे. आपल्या आवारातली झाडे मंडळाच्या आधीपासूनची आहेत. एप्रिलच्या दुपारी सभेला येणारी ज्येष्ठ मंडळी त्याच झाडांखाली बसतात, हरळीवर बसत नाहीत. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा. देवीच्या लशीच्या कामासाठी राखलेली ती जागा आज लोकांना हवीशी वाटते, ती तिथल्या झाडांमुळे. ओकमाँटकडून घ्यायचा धडा निराळा आहे. रोप लावतानाच, तीस वर्षांनी त्याची सावली कुठे पडेल, याचा विचार करावा.

पाण्याचा हिशेब

ऐन उन्हाळ्यात हरळी हिरवी ठेवायची, तर दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एका चौरस मीटरला पाच लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, त्याला रोज ५०० लिटर. दहा गुंठ्यांना रोज ५,००० लिटर, महिन्याला दीड लाख लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण धरतात. त्या हिशेबाने दहा गुंठ्यांचे लॉन सदतीस माणसांचे पाणी पिते.

बेळगावचे पिण्याचे पाणी राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येते. पाऊस लांबला की राकसकोपच्या पातळीकडे सगळ्यांचे डोळे लागतात आणि नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची चर्चा सुरू होते. अशा वेळी आवारातल्या गवतावर फवारे उडवणे शोभणार नाही आणि परवडणारही नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये हरळी पिवळी पडली तर पडू द्यावी. ती मेलेली नसते. पंधरा-वीस दिवसांतून एकदा ओल मिळाली तरी काशा जिवंत राहतात.

हिरवळ करायची असेल तर

आधी जागा ठरवावी. आवाराच्या ज्या भागात सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत ऊन असते, तेवढ्याच भागात हरळी लावावी. एका सुट्टीच्या दिवशी तासातासाने चुन्याने सावलीची कड आखून ठेवली, की ही जागा डोळ्यांनी दिसते.

बेळगावची जांभ्याची तांबडी माती पाणी लवकर सोडते, पण वरचा थर चालण्याने दगडासारखा घट्ट होतो. निपाणीकडची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हीकडे औषध एकच. मे महिन्यात सहा इंच खणून, दगड आणि तण काढून, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. काळ्या रानात पाणी निघून जाईल असा उतार आधी द्यावा, कारण पाणी साचले की पुढचे सगळे वाया जाते. जिथे जास्त खर्च शक्य असतो, तिथे गोल्फवाले ग्रीनखाली एक फूट वाळूचा थर आणि त्याखाली चार इंच खडी घालतात. निचऱ्याला ते किती महत्त्व देतात ते यावरून कळावे.

मृग बरसला आणि जमिनीला वाफसा आला की हरळीच्या काशांचे तुकडे चार-चार इंचांवर टोचावेत. मूठभर माती दाबून केलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे असे समजावे. चिखलात लागण करू नये. लागणीनंतर हलका रूळ फिरवावा. पहिले दोन महिने भांगलण चुकवू नये, विशेषतः लव्हाळा गाठीसकट काढावा. दोन-तीन महिन्यांत जमीन झाकली जाते.

कापणीचा एक नियम सगळीकडे चालतो. एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग कापू नये. गवत जेवढे आखूड, तेवढी मुळे उथळ. ग्रीनवरचे तीन मिलिमीटर हे रोजची निगा ठेवणाऱ्यांचे काम आहे. आपण दीड-दोन इंच उंची ठेवली, तर मुळे खोल जातील आणि पाणी कमी लागेल. युरिया द्यायचा तर पावसाळ्यात, गुंठ्याला एक किलोपेक्षा जास्त नाही, आणि लगेच पाण्याने धुवून काढावा, नाहीतर पाने करपतात. वर्षातून एकदा, पाऊस उतरल्यावर, घट्ट झालेल्या भागात काटेरी फावड्याने भोके पाडून त्यांत बारीक वाळू आणि शेणखत भरावे.

झाड राखायचे असेल तर

झाडाखाली हरळीचा हट्ट सोडावा. तिथे पालापाचोळ्याचा थर राहू द्यावा. तो ओल धरतो, कुजून खत होतो आणि मुळांना उन्हापासून वाचवतो. पाला पेटवू नये. थोडी हिरवाई हवीच असेल, तर नर्सरीत बफेलो ग्रास नावाने मिळणारे रुंद पानांचे गवत विरळ सावलीत तग धरते, पण त्यावर खेळता येत नाही.

बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर बसवू नयेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर हे कमीत कमी समजावे. गटार किंवा पाइपसाठी चर खणताना जाड मुळे तोडू नयेत. मुळे तुटलेले झाड वरून हिरवे दिसते आणि जुलैच्या वाऱ्यात आडवे होते. गवत कापण्याचे यंत्र बुंध्याला लागून साल सोलली जाते, ही जखमही वरवरची समजू नये. मांडवाचे दोर आणि फलकांचे खिळे झाडाला नकोत.

वाळलेल्या फांद्या मे महिन्यातच उतरवाव्यात. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडा असते, ती राखून तिच्या बाहेर कापावे. म्हणजे जखम झाड स्वतः भरून काढते. त्यावर डांबर फासण्याची गरज नसते.

पूर्ण झाड काढण्याचा विषय आला, तर कायदा आहे. आपल्याकडे कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे, काही जाती वगळता, खासगी जागेतल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सीमेपलीकडे कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल इथे शहरांत घर असलेल्या सभासदांना महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. आवार स्वतःचे आहे म्हणून कुऱ्हाडही आपलीच, असे दोन्ही राज्यांत चालत नाही.

नवी झाडे लावायची, तर कडेला जागा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची झाडे मैदानावर लांब सावली टाकतात. पूर्व आणि दक्षिण बाजू मोकळी ठेवून पश्चिम आणि उत्तर कडेला झाडे लावली, तर हरळीला ऊन मिळते आणि दुपारनंतर माणसांना सावली. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूला गुलमोहरासारखी ठिसूळ झाडे टाळून जांभूळ, आंबा, करंज, बकुळ, ताम्हण यांसारखी आपल्या मातीतली झाडे लावावीत.

आमचे मत

वरील सगळ्याचा विचार करता, आवारातले एकही जुने झाड हिरवळीसाठी काढू नये असे आम्हाला वाटते. मधल्या उन्हाच्या जागेत गावची हरळी लावावी, झाडांखाली पाला आणि बसायला दगडी कट्टे असावेत, आणि उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या हरळीबद्दल कोणी तक्रार करू नये. खर्च थोडा आहे, मेहनत मात्र पहिली दोन वर्षे बरीच आहे. काशा टोचायला आणि भांगलणीला हात लागतील. ज्यांच्या शेतात नको तेवढी हरळी आहे, त्यांनी मृगाच्या आधी दोन-चार पोती काशा मंडळात आणून दिल्या, तर रानही मोकळे होईल आणि मैदानही हिरवे होईल. सावलीची कड आखण्यासाठी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊपासून आम्ही आवारात असू. मुलांना घेऊन या, चुना आम्ही आणू.